बंदुकीचा विमानप्रवास

6 जुलै 1954. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सचे डीसी-6 विमान उड्डाणाच्या तयारीत उभे होते. एक धिप्पाड पोरगा तडक कॉकपिटमध्ये शिरला, पिस्तूल रोखून उभा राहिला आणि विमान मेक्सिकोला न्या म्हणून दरडावू लागला. वैमानिकाने त्याच्याशी बोलत बोलत जवळच्या बॅगेत हात घातला, आपले पिस्तूल काढले आणि गोळ्या झाडल्या. पोरगा वाचला नाही. त्याचे वय पंधरा वर्षांचे होते आणि त्याच्या पिस्तुलात गोळ्या नव्हत्या, हे नंतर कळले.

वैमानिकाच्या बॅगेत भरलेले पिस्तूल कसे, हा प्रश्न त्या काळात पडण्यासारखा नव्हता. प्रवासी विमानांतून सरकारी टपाल जाई. रेल्वेच्या टपालडब्यातले कर्मचारी लुटारूंच्या भीतीने शस्त्र बाळगत, तीच रीत टपालाबरोबर विमानात आली होती. टपालाच्या रक्षणासाठी वैमानिकाने शस्त्र जवळ ठेवावे, असे टपाल खात्याचे सांगणेच होते. प्रवाशांची तर झडतीच होत नसे. तिकीट दाखवायचे, शिडी चढायची आणि बसायचे. खिशात काय आहे, बॅगेत काय आहे, कुणी विचारत नव्हते.

आज त्याच अमेरिकेत विमानतळांवरच्या तपासणीत दरवर्षी हजारोंनी पिस्तुले सापडतात. 2024 मध्ये हा आकडा 6,678 होता, म्हणजे दिवसाला सरासरी अठरा. त्यांतली सुमारे 94 टक्के भरलेली होती. या सत्तर वर्षांत बंदुकीबद्दलचे नियम किती बदलले आणि का बदलले, हे पाहिले तर एक गोष्ट लख्ख दिसते. कुणी आधी विचार करून हे नियम केले नाहीत. जवळजवळ प्रत्येक नियमाच्या मागे एक अपहरण किंवा एक अपघात आहे.

पहिला धक्का 1961 मध्ये बसला. त्या वर्षीच्या 1 मे रोजी फ्लोरिडातले एक छोटे प्रवासी विमान क्युबाला पळवून नेण्यात आले आणि पाठोपाठ आणखी प्रकार घडले. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी विमान अपहरणाला गंभीर गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली. लपवलेले शस्त्र घेऊन विमानात चढणेही त्या कायद्याने गुन्हा ठरले. काही उड्डाणांवर सशस्त्र सरकारी रक्षक बसू लागले. पण कायदा झाला तरी झडती सुरू झाली नाही. शस्त्र आणू नका, एवढेच सांगितले गेले. आणले आहे की नाही, हे पाहायला दारात कुणी नव्हते.

त्याची किंमत 7 मे 1964 रोजी मोजावी लागली. पॅसिफिक एअर लाइन्सचे एक विमान पहाटे नेव्हाडातल्या रीनोहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाले होते. कर्जात बुडालेल्या एका प्रवाशाजवळ .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हर होते. त्याने उड्डाणात दोन्ही वैमानिकांना गोळ्या घातल्या आणि विमान कॅलिफोर्नियातल्या सॅन रॅमोनजवळच्या टेकडीवर कोसळले. विमानातले सर्व 44 जण ठार झाले. त्यानंतर अमेरिकेत उड्डाणाच्या वेळी कॉकपिटचे दार बंद ठेवण्याचा नियम अमलात आला. दाराला कुलूप लागले, पण बंदूक घेऊन त्या दारापर्यंत पोचण्याची वाट मोकळीच राहिली.

1968 ते 1972 या पाच वर्षांत अमेरिकेत शंभराहून अधिक विमानांची अपहरणे झाली. एवढे होऊनही सरसकट झडतीला विमान कंपन्यांचा विरोध होता. गिऱ्हाइकाला संशयित म्हणून वागवले तर तो विमानाकडे पाठ फिरवेल, ही त्यांची भीती. मग चेहरा आणि वागणूक पाहून संशयित निवडायचे आणि तेवढ्यांनाच धातुशोधक यंत्रातून न्यायचे, असा मधला मार्ग काढला गेला. तो टिकला नाही. 10 नोव्हेंबर 1972 रोजी तिघा शस्त्रधाऱ्यांनी सदर्न एअरवेजचे विमान ताब्यात घेतले आणि मागण्या मान्य न झाल्यास ते टेनेसी राज्यातल्या ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळू, अशी धमकी दिली. आता प्रश्न विमानातल्या माणसांपुरता उरला नव्हता. 5 जानेवारी 1973 पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातली प्रत्येक बॅग तपासली जाऊ लागली. आज जगभर अंगवळणी पडलेली ती रांग तेव्हापासूनची. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1974 मध्ये सुरक्षेसाठी स्वतंत्र परिशिष्ट स्वीकारले आणि इतर देशांनाही आपापले नियम त्या चौकटीत बसवावे लागले.

भारताची गोष्ट मात्र खऱ्या बंदुकीने सुरू झाली नाही.

30 जानेवारी 1971 रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फॉकर विमान श्रीनगरहून जम्मूला निघाले होते. हाशिम कुरेशी आणि त्याचा साथीदार यांनी ते लाहोरला नेले. त्यांच्याजवळ खेळण्यातले पिस्तूल आणि लाकडी हातबाँब होता. प्रवासी सुटले, पण विमान लाहोरच्या धावपट्टीवर पेटवून देण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. पूर्व पाकिस्तानात जायचे तर त्या विमानांना श्रीलंकेवरून वळसा घालावा लागला. पुढच्या डिसेंबरात बांगलादेशाचे युद्ध झाले, तेव्हा त्या वळशाचा फटका पाकिस्तानला बसतच होता. एका खोट्या पिस्तुलाचे परिणाम इथवर पोचले.

डिसेंबर 1978 मध्ये तेच पुन्हा घडले. इंदिरा गांधींच्या सुटकेची मागणी करत भोलानाथ पांडे आणि देवेंद्र पांडे या दोघा तरुणांनी लखनौहून दिल्लीला जाणारे विमान वाराणसीला उतरवायला लावले. त्यांच्याही हाती खेळण्यातली पिस्तुले होती. हे दोघे पुढे काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेश विधानसभेत निवडून गेले. ज्या समाजात अपहरणाची एवढीच किंमत मोजावी लागते, तिथे नियमांचा धाक कसा बसणार? अपहरणविरोधी स्वतंत्र कायदा व्हायला भारतात 1982 साल उजाडले. हुबेहूब बंदुकीसारखे दिसणारे खेळणे आज हातातल्या बॅगेतून नेता येत नाही, ते या इतिहासामुळे. तीस हजार फुटांवर समोर रोखलेले पिस्तूल खरे की खोटे, हे ठरवायला कुणालाही सवड नसते. क्लीव्हलँडच्या वैमानिकालाही ती नव्हती.

शस्त्र विमानात शिरते कसे, याच्या वाटा पाहिल्या तर माणसाच्या कल्पकतेची धास्ती वाटते. एप्रिल 1993 मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या विमानात पायाला प्लास्टर घातलेला एक माणूस लंगडत चढला. प्लास्टरमध्ये पिस्तुले होती. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी अमृतसरच्या विमानतळावर रात्री कारवाई करून त्याला ठार केले आणि सर्व प्रवासी सुखरूप सुटले. दुखावलेल्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, या चांगुलपणाचा त्याने फायदा घेतला होता.

सोव्हिएत रशियातली ओव्हेच्किन कुटुंबाची हकीकत याहून विलक्षण आहे. सैबेरियातल्या इर्कुत्स्कच्या या भावंडांचे जॅझ वाद्यवृंद पथक देशभर गाजलेले होते. मार्च 1988 मध्ये ते आईसह लेनिनग्राडला निघाले. बरोबर वाद्ये होती आणि त्यांत माणसाच्या उंचीचा डबल बास. हे वाद्य तपासणीच्या यंत्रात मावत नव्हते. नावाजलेले कलाकार म्हणून ते तसेच आत सोडण्यात आले. त्याच्या पोटात नळ्या कापलेल्या बंदुका होत्या. कुटुंबाला देशाबाहेर पळायचे होते. विमान फिनलंडच्या सीमेआधीच उतरवले गेले आणि त्या प्रकरणात नऊ जणांचा जीव गेला.

मुंबईकडे यायच्या एका विमानाशीही अशीच एक हकीकत जोडलेली आहे. नोव्हेंबर 1981 मध्ये ‘मॅड माइक’ होर या भाडोत्री सैनिकांच्या म्होरक्याने सेशेल्स बेटांवरचे सरकार उलथवण्याचा घाट घातला. त्याची टोळी बिअर पिणाऱ्यांच्या हौशी मंडळाची सहल असल्याचा देखावा करत साध्या प्रवासी विमानाने तिथल्या माहे बेटावर उतरली. प्रत्येकाच्या बॅगेत वर गरीब मुलांना वाटायची खेळणी आणि खाली, चोरकप्प्यात, एके-47. बरेच जण कस्टम्समधून बाहेरही पडले. मग एका बॅगेत कस्टम्सच्या माणसाच्या हाताला रायफल लागली आणि विमानतळावरच गोळीबार सुरू झाला. त्याच वेळी हरारेहून मुंबईला जाणारे एअर इंडियाचे बोइंग तिथे उतरले. कॅप्टन उमेश सक्सेना यांना त्या टोळीला घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला जावे लागले. प्रवासी आणि कर्मचारी सुखरूप घरी आले. त्या बंदुका ज्या विमानाने आल्या होत्या, त्यातल्या इतर प्रवाशांना आपल्या पायाखाली काय आहे याची कल्पनाही नव्हती.

ही सगळी प्रवाशाच्या दारातून आत शिरलेली शस्त्रे. दुसरे दार कर्मचाऱ्यांचे. तिकडे सगळ्यांचे लक्ष उशिरा गेले.

5 सप्टेंबर 1986 रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीला थांबले होते. सुरक्षा रक्षकांचे गणवेश घातलेले चौघे विमानतळाच्या गाडीसारखी सजवलेली गाडी घेऊन थेट विमानापाशी आले आणि रायफली घेऊन वर चढले. प्रवाशांची तपासणी कितीही काटेकोर असती तरी ते तिच्यात सापडले नसते. नीरजा भानोत या मुंबईकर हवाई सुंदरीने कॉकपिटला वेळेत सावध केले. वैमानिक बाहेर पडू शकले आणि विमान जमिनीवरच अडकले. शेवटी झालेल्या गोळीबारात प्रवाशांना वाचवताना नीरजा मारली गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

पुढच्याच वर्षी, 7 डिसेंबर 1987 रोजी, अमेरिकेत एका विमान कंपनीने चोरीवरून काढून टाकलेला कर्मचारी आपल्या वरिष्ठाचा सूड घ्यायला निघाला. नोकरी गेली होती, पण ओळखपत्र त्याच्याकडेच होते. ते दाखवून तो तपासणी टाळून .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हरसह विमानात चढला. त्याने वरिष्ठाला आणि वैमानिकांना मारले. विमान कॅलिफोर्नियात कोसळून 43 जण गेले. त्यानंतर विमान कर्मचाऱ्यांचीही तपासणी आली आणि नोकरी सुटताच ओळखपत्र जमा करणे सक्तीचे झाले. तरी ही फट पूर्ण बुजली नाही. 2014 मध्ये अटलांटाच्या विमानतळावरचा एक सामान हाताळणारा कर्मचारी आत बंदुका नेऊन साथीदाराकडे देत असल्याचे उघड झाले. साथीदार त्या हातातल्या बॅगेतून न्यूयॉर्कला नेई.

डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेले आयसी-814 पाच जणांनी कंदाहारला नेले, तेव्हा भारताने जी किंमत दिली ती सर्वांना आठवते. रूपिन कत्याल या तरुणाचा जीव गेला आणि तिघा दहशतवाद्यांना सोडावे लागले. तोवर आपल्या विमानतळांची सुरक्षा त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे होती. 3 फेब्रुवारी 2000 रोजी जयपूरपासून सुरुवात करून ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आली. ठरावीक उड्डाणांवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे साध्या वेशातले सशस्त्र जवान बसू लागले. 2016 च्या नव्या कायद्याने अपहरणात कुणाचा जीव गेल्यास फाशीपर्यंत शिक्षेची तरतूद केली.

विमानात सरकारचाच सशस्त्र माणूस असावा का, हा वाद जुना आहे. त्याच्या बाजूने दाखले आहेत. सप्टेंबर 1970 मध्ये इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानात लैला खालेद आणि तिच्या साथीदाराचा अपहरणाचा डाव उधळला गेला, त्यात विमानातल्या सशस्त्र रक्षकांचा वाटा होता. डिसेंबर 1972 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात रक्षकांनी सातांपैकी सहा अपहरणकर्त्यांना ठार केले आणि विमान सुखरूप परत आले. मात्र ही प्रशिक्षित, नेमलेली माणसे होती.

11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्या दिवशीच्या हल्लेखोरांकडे बंदुका नव्हत्या. तेव्हाच्या नियमांत चालून जाणाऱ्या लहान पात्यांनी त्यांनी विमाने ताब्यात घेतली होती. त्यावर दोन उपाय निघाले. एक, कॉकपिटला गोळीने न भेदले जाणारे दार, जे 2003 मध्ये जगभर आले. दुसरा, इच्छुक वैमानिकांना प्रशिक्षण देऊन पिस्तूल देणे. टपालाच्या काळातले पिस्तूल असे पन्नास वर्षांनी कॉकपिटमध्ये परतले.

त्याचे काय होऊ शकते ते 22 मार्च 2008 रोजी दिसले. डेन्व्हरहून शार्लटला आलेले यूएस एअरवेजचे एअरबस विमान उतरण्याच्या बेतात होते. वैमानिक आपले पिस्तूल नीट ठेवू पाहत होता. नियम असा होता की कॉकपिटबाहेर पडताना पिस्तूल म्यानात घालून त्याला छोटे कुलूप लावायचे. कुलपाची कडी म्यानातून, पिस्तुलाच्या चापाशेजारून जाई. पिस्तूल म्यानात पुरते बसलेले नसेल तर कडी चापाच्या मागे न जाता पुढे जाई आणि कुलूप दाबले की चापही दाबला जाई. तसेच घडले. गोळी विमानाच्या बाजूच्या पत्र्यातून बाहेर गेली. विमान सुखरूप उतरले, कुणाला इजा झाली नाही.

चित्रपटांत अशा गोळीने विमान फुटते आणि माणसे बाहेर खेचली जातात. प्रत्यक्षात केबिनमध्ये हवा सतत दाबाने भरली जात असते आणि एका झडपेतून जादा हवा बाहेर सोडली जाते. बोटाएवढे भोक पडले तर ती झडप थोडी मिटते, एवढेच. खरा धोका भोकाचा नसून गोळीच्या वाटेत काय येते त्याचा असतो. वैमानिक, विजेच्या तारा किंवा दाटीवाटीने बसलेली माणसे. 1964 आणि 1987 मध्ये विमाने कोसळली ती पत्र्याला भोक पडल्यामुळे नव्हे, वैमानिक मारले गेल्यामुळे.

मग सामान्य माणसाने परवान्याची बंदूक विमानाने न्यायचीच नाही का? नेता येते, आणि काहींना न्यावीच लागते. कोल्हापूरच्या राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे यांच्यासारख्या नेमबाजांचे आयुष्य शस्त्र घेऊन देशोदेशी फिरण्यात जाते. त्यांची वाट ठरलेली आहे. काउंटरवर आधी सांगायचे, परवाना आणि कागद दाखवायचे, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून द्यायची, ते कुलूपबंद पेटीत चेक-इन सामानात द्यायचे. काडतुसे वेगळी बांधायची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती माणशी पाच किलोपर्यंत, तीही स्वतःच्या वापरापुरती. केबिनमध्ये मात्र काहीही नाही. राजकीय पुढाऱ्याच्या अंगरक्षकाचे पिस्तूलही सामानातूनच जायला हवे.

ही पद्धत हवेत सुरक्षित आहे, जमिनीवर तेवढी नाही. 30 मे 1972 रोजी इस्रायलच्या लोद विमानतळावर तिघा जपानी हल्लेखोरांनी सामानाच्या पट्ट्यावरून आपली व्हायोलिनची खोकी उचलली, त्यांतल्या रायफली काढल्या आणि 26 जणांना मारले. तेव्हा चेक-इन सामान तपासले जात नव्हते, असे म्हणता येईल. पण 6 जानेवारी 2017 रोजी फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल विमानतळावर पाच जणांना मारणाऱ्या माणसाने तर सगळे नियम पाळले होते. अलास्काहून निघताना त्याने पिस्तूल रीतसर जाहीर केले होते. उतरल्यावर पेटी घेतली, स्वच्छतागृहात जाऊन पिस्तूल भरले आणि बाहेर येऊन गोळीबार केला. शस्त्राची पेटी सार्वजनिक पट्ट्यावर न सोडता ओळख पटवून हाती द्यावी, ही साधी काळजी सगळीकडे सक्तीची असायला हवी.

अमेरिकेतली हजारो पिस्तुले बहुतेक अपहरणासाठी आणलेली नसतात. रोज बॅगेत असते, काढायचे विसरलो, हेच उत्तर बहुतेक जण देतात. विसराळूपणा निरुपद्रवी नसतो. नोव्हेंबर 2021 मध्ये अटलांटाच्या तपासणी नाक्यावर एका प्रवाशाने बॅगेतले पिस्तूल पकडायला झडप घातली, गोळी सुटली आणि गजबजलेल्या विमानतळावर चेंगराचेंगरी झाली. भारतात बंदुका कमी, म्हणून आपल्याकडे सापडते ते बहुधा एखादे काडतूस. मुंबई, पुणे, नागपूरच्या विमानतळांवर अशा बातम्या अधूनमधून येतात. माणूस परवानाधारक असतो किंवा बॅग भावाकडून मागून आणलेली असते. विमान चुकते, पोलीस ठाणे गाठावे लागते, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मधल्या गुणवंतलाल खटल्यात आणि पुन्हा 1994 मधल्या संजय दत्त खटल्यात सांगितले. त्याच्या आधारे उच्च न्यायालये असे अनेक गुन्हे रद्द करतात. पण तोवर वकिलाची फी आणि कित्येक महिने गेलेले असतात.

सत्तर वर्षांच्या या अनुभवातून निकाल स्पष्ट आहे. केबिनमध्ये बंदूक नको, मग ती कुणाचीही असो. अपवाद फक्त नेमलेल्या आणि घटवून तयार केलेल्या रक्षकाचा. तपासणी पुढाऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांची सारखी हवी, कारण दगा नेहमी सवलतीच्या दारातून झाला आहे, मग ती सवलत प्लास्टरला दिलेली असो, डबल बासला किंवा ओळखपत्राला. ज्यांच्याकडे शस्त्रपरवाना आहे त्यांनी शस्त्रासाठी वेगळी बॅग ठेवावी आणि ती दुसऱ्या कशासाठीही वापरू नये. कुणाकडून बॅग मागून आणली असेल, तर घरातून निघण्याआधी तिचे सगळे कप्पे उलटे करून पाहावेत.